आतलं मागं फेकायचं

आमच्या सांगलीच्या कॉलेजात गेटवर एक वॉचमन होता. हवाई दलात विमानांची इंजिनं दुरुस्त करून रिटायर झालेला, गाव कुंडल. आत येणाऱ्या मोटारसायकलचा नुसता आवाज ऐकून म्हणायचा, "प्लगमध्ये कचरा हाय, बघून घ्या." मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. त्याला "ओ वॉचमन" म्हणायचो.

एकदा वर्ग बाहेर बागेत घेतला. मी सांगत होतो, रॉकेट मागच्या हवेला रेटा देतं म्हणून पुढं जातं. तो झाडांना पाणी घालत होता. "न्हाई सर," तो म्हणाला, "वर हवाच न्हाई, रेटणार कशाला?" त्यानं पाईप खाली टाकून नळ पूर्ण सोडला. पाईप वळवळत मागं सरकला. मग पाईपचं तोंड त्यानं डावीकडं वाकवलं, तसा पाईप उजवीकडं ओढ घ्यायला लागला. "आतलं मागं फेकायचं, तवाच पुढं जातंय. तोंड वळवलं की वाट बदलती."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तासाला तोवर कुणी वाजवल्या नव्हत्या.

मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. सोमवारी गेटवर दुसराच माणूस होता.

आता दरवर्षी रॉकेट शिकवताना पाईप मीच सोडतो. टाळ्याही मीच घेतो. यंदा एका पोरीनं विचारलं, "सर, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

सांगणार काय, कपाळ? तक्रारीतसुद्धा मी नावाच्या जागी 'वॉचमन' एवढंच लिहिलं होतं.