देवरेची लाल झेंडी

नियंत्रण रेषेवरच्या त्या पोस्टवर मी अकरा जवानांचा कमांडर होतो. हुद्दा हवालदार. समोरची पोस्ट तीनशे मीटरवर, मध्ये नाला. ०५३० ला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारांसह मोर्चावर, ०७०० ला चहा-पुरी, मग हत्यारांची सफाई. आता निवृत्तीनंतर राहतो त्या नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत हास्यक्लब आहे. मनातलं मूल जपा, असं सांगत लोक मला रोज बोलावतात. मी जात नाही. का जात नाही, ते एकदाचं लिहून टाकतो.

नाईक बापू देवरे सटाण्याकडचा. वय छत्तीस, कानाजवळ केस पिकलेले. हा गडी दुधाच्या रिकाम्या डब्यांची लगोरी रचायचा आणि हरला की खरोखर रुसून बसायचा. एकदा मी त्याला शिक्षा दिली, पाठीवर पिठ्ठू घेऊन उतारावर दहा फेऱ्या. तो तोंडाने हॉर्न वाजवत एसटीसारखा पळाला. वळणावर हातही दाखवला. शिक्षा देणाऱ्यानं करायचं तरी काय?

फायरिंग रेंजवर नेम चुकला की निशाणाखालच्या खड्ड्यातला जवान लाल झेंडी हलवतो. देवरेनं तोच खेळ पोस्टवर आणला. समोरून गोळी आली आणि वाया गेली की वाळूच्या पोत्यांमागून काठीला बांधलेलं लाल फडकं हलायचं. समोरचे शिव्या द्यायचे. पुढं पुढं तेही हसायला लागले. थांबव म्हणणं माझं काम होतं. मी म्हटलं नाही, कारण मलाही मजा येत होती.

त्या दिवशी बदलीचे तीन जवान वर आले होते. चेहरे पडलेले. समोर दोन दिवस सगळं शांत होतं. सकाळी ०७४० ला मी म्हणालो, "देवरे, यांना झेंडी दाखव."

"उस्ताद, आज ते गप हायेत. राहू द्या."

"हेल्मेट वर कर. मारतील."

तो एवढंच म्हणाला, "बरं." काठीवर हेल्मेट वर केलं. गोळी आली, हातभर वरून गेली. देवरेनं हसत हसत फडकं हलवलं. नवे जवान हसले, मीही हसलो. दुसरी गोळी दोन पोत्यांच्या फटीतून आली आणि त्याच्या गळ्यात घुसली. फडकं दर वेळी त्याच फटीच्या वर हलायचं. हे समोरच्या नेमबाजाच्या लक्षात आलं होतं, माझ्या नाही.

मी वायरलेस सेट उचलला. "एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कंडिशन? ओव्हर."

"सिरियस."

सहा मिनिटांनी तोच सेट पुन्हा उचलला. "फेटल. ओव्हर."

देवरे गेला तेव्हा माझा हात त्याच्या गळ्यावर होता. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, पहाऱ्याच्या ड्युटीवर दक्ष असताना गोळी लागली. नव्या तिघांनी सह्या केल्या. त्यांना मी विचारलंही नाही, सहीच्या जागेवर नुसतं बोट ठेवलं.

तेराव्याला मी त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील कांद्याच्या चाळीपाशी बसले होते. मी पाणी प्यायलो तेवढ्यात ते म्हणाले, "खरं सांग भाऊ, तो खेयी राह्यंता ना?"

खेळत होता का, एवढंच त्यांना हवं होतं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कोणी खेळायला लावलं. माझी पेन्शन तीन वर्षांवर होती.

"नाही बाबा. ड्युटीवर होता. एकदम सावध."

म्हाताऱ्यानं चाळीतला एक सडका कांदा काढून बाहेर टाकला. मग म्हणाला, "मंग मरतावखत हासना बी नही व्हई."

म्हणजे मरताना हसलाही नसेल. मी मान खाली घातली. त्यांनी ती होकारासारखी घेतली. गेल्या वर्षी ते वारले, तोच होकार घेऊन.

दरवर्षी देवरेच्या शाळेत त्याच्या फोटोला हार घालतात आणि मला बोलायला उभं करतात. मी पोरांना शिस्त सांगतो, सावधपणा सांगतो. पोरं कंटाळतात. नाईक बापू देवरे सावध कधीच नव्हता, आणि मेला तेव्हा हसत होता. हे ज्याला सांगायचं होतं, त्याला मी सांगितलं नाही.