उंबऱ्याच्या आत

वाळत्या गाळाचा वास आला की उजनी धरणाचं पाणी ओसरल्यावर वर आलेलं ते गाव आठवतं. मला तेव्हा जिओकॅशिंगचा नाद होता. मोबाइलवरच्या खुणेवरून कुणीतरी लपवलेली डबी शोधायची, आतल्या वहीत आपलं नाव लिहायचं आणि ती परत ठेवायची. त्या दुपारी खूण एका पडक्या घरात निघाली. भिंती कमरेएवढ्याच उरल्या होत्या. मी आत शिरणार, तोच शेजारी जाळं सांधत बसलेला म्हातारा म्हणाला, "उंबऱ्यावर पाय देऊ नगा. घर हाय आमचं." मी बूट काढले. कोनाड्यात डबी सापडली, नाव लिहून तिथंच ठेवली. बाहेर आलो तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "आमचं काय गावलं का आत?" मी नाही म्हणालो. पावसाळ्यात धरण भरलं. त्या घरात पाण्याखाली आता त्यांचं काहीच नाही, माझं नाव मात्र आहे.