नाटकाला पान नंबर

लग्नं जुळवतात तसे पीएचडीचे विषयही काही घरांत थोरामोठ्यांनीच जुळवायचे असतात. शैलाचा विषय तिच्या सासऱ्यांनी जुळवला. मोरोपंत अकोल्याचे जुने वकील, आता मुलाकडे अमरावतीला राहायला आलेले. तरुणपणी त्यांनी ‘सरकीवाल्याचं लगीन’ हे वऱ्हाडी नाटक लिहिलं होतं आणि ते दर्यापुरात चांगलं गाजलं होतं. छापलं मात्र कोणीच नव्हतं.

“बाहेरची नाटकं धुंडाळत कशाले फिरतेस? घरात आहे ना एक,” ते म्हणाले.

शैलाने मान डोलावली. मान डोलावण्यात तिचा हातखंडा होता. रोज जीपमध्ये कोंबून घेऊन ती दर्यापूरच्या कॉलेजात मराठी शिकवायला जायची, तेही तासाप्रमाणे मिळणाऱ्या पैशांवर. पीएचडी झाल्याशिवाय कायमची नोकरी मिळण्याची आशा नव्हती.

प्रबंध मनासारखा झाला. त्याचा जीव होता दुसऱ्या अंकातल्या नवरीच्या एका वाक्यात. बोहल्यावर चढायच्या आधी ती म्हणते, “घोडीलेबी इचारलं, नवरदेव पेलवते का म्हून. मले काहून नाही इचारलं?” या वाक्याला दर्यापुरात वन्समोअर मिळाला होता. शैलाने त्यावर अख्खं प्रकरण उभं केलं आणि तळटीप लिहिली: हस्तलिखित, अंक दुसरा, प्रवेश तिसरा.

तिचे मार्गदर्शक गावंडे सर तळटिपेवर बोट ठेवून बसले.

“पान नंबर कुठाय?”

“सर, नाटकाचा अंक आणि प्रवेश देतात. प्रत बदलली की पान बदलतं, प्रवेश जागेवर राहतो.”

“असेल. पण बाकी सगळ्या टिपांना पान आहे. ही एकटीच उघडी दिसते.”

“छापलेलंच नाही ना, सर.”

“मग छापून घे!”

अशा रीतीने एका तळटिपेची अब्रू झाकायला नाटक छापायला गेलं. शैलाच्या नवऱ्याने, पुष्करने, छापखाना गाठला. मोरोपंतांनी मुद्रितं घेऊन खोलीचं दार लावलं. बाबा प्रुफं पाहून राहिले म्हणून घरात कुकरची शिट्टीसुद्धा दबकत होऊ लागली.

पुस्तक आलं. शैलाने आधी दुसरा अंक उघडला. पान एकेचाळीसवर नवरी म्हणत होती, “माझ्या संमतीचा विचार झाला आहे काय?”

घोडी गेली होती. शैलाने पुढची-मागची पानं चाळली. घोडी साऱ्या नाटकातूनच गेली होती.

“बाबा, हे काय केलं?”

“सुधारलं,” मोरोपंत प्रसन्नपणे म्हणाले. “मी आता ज्येष्ठ नागरिक मंडळाचा अध्यक्ष आहे. घोडी शोभत नाही.”

ती पुस्तक घेऊन गावंडे सरांकडे धावली. “सर, मी दिलेलं वाक्य पुस्तकात नाहीच!”

“पान एकेचाळीस टाक. वाक्य जुनं, पान नवं. परीक्षक काय पुस्तक उघडून पाहतो?”

“एखाद्याने उघडलं तर?”

“माझ्या प्रबंधाच्या सूचीतलं एक तरी पुस्तक उघडलं का कोणी आजपर्यंत?” सर अभिमानाने म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये शैला धुमसत होती. मुलांनी गाइडमधला उतारा नाव न देता उतरवला की मार्क कापणारी तीच. जे वाक्य जिथलं, तिथलं नाव, असं ती त्यांच्या डोक्यावर हातोडा मारल्यासारखं सांगायची. आता स्वतःच पान एकेचाळीस टाकायचं?

तिने अंक, प्रवेश, हस्तलिखित, सगळं तसंच ठेवलं. पुस्तकाची वेगळी नोंद केली. तळटिपेत जोडलं: ‘छापील आवृत्तीत लेखकाने हे वाक्य बदलले आहे.’ ते पाहून गावंडे सर म्हणाले, “तुझी मर्जी. मग हस्तलिखित वापरायला लेखकाची लेखी परवानगी आण. त्याशिवाय माझी सही नाही.”

मोरोपंतांनी तळटीप वाचली आणि त्यांची शुद्ध भाषा एका क्षणात पसार झाली.

“सासऱ्याची अक्कल काढून राहिली तू चारचौघांत! मी नाही सही देत. हस्तलिखित माझं आहे, कायद्यानं माझं!”

“टाकून दे ना एकेचाळीस,” पुष्कर स्वयंपाकघरात येऊन कुजबुजला. “एका आकड्यानं घरात शांतता राहते.”

“मग तुझ्या आधार कार्डावर शेजाऱ्याचा पत्ता टाकू?” शैला म्हणाली. “त्यानंही कोणाचं काही बिघडत नाही.”

आठवडाभर मोरोपंत तिच्या हातचा चहा घेत होते, पण तिच्याकडे न बघता. प्रबंध जमा करायची मुदत संपत आली. शेवटी तिने चहासोबत संदर्भसूचीचा कागदही समोर ठेवला.

“बाबा, पान एकेचाळीस टाकलं, तर सूचीत फक्त पुस्तक राहील. तुमचं नाव एकदा. असं ठेवलं तर हस्तलिखिताची नोंद वेगळी, पुस्तकाची वेगळी.”

मोरोपंतांनी चष्मा चढवला. “म्हणजे दोनदा?”

“एकाखाली एक.”

“गावंडेचं पुस्तक आहे का यात?”

“आहे. एकदा.”

मोरोपंतांनी पेन मागितलं. सही केली, खाली तारीख घातली, आणि कागद हातातून सोडता सोडता थांबले.

“शैला, मी काय म्हणतो... दुसऱ्या आवृत्तीत घोडी परत आणली तर?”

“तर आणखी एक नोंद होईल, बाबा.”

“पुष्कर!” ते आत वळून ओरडले. “त्या छापखानेवाल्याचा नंबर दे बरं मले!”

शैलाने दुसऱ्याच दिवशी प्रबंध जमा केला, घोडी परत यायच्या आत.