तापी, पाहुणा पक्षी आणि साडूचा फ्लेक्स

मी माझ्या साडूची अब्रू वाचवली, आणि तेव्हापासून साडू माझ्याशी बोलत नाही.

धुळ्यात ही हकीकत फार वेगळ्या पद्धतीने सांगितली जाते. म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐका.

माझा धंदा जुन्या मोटारी-पंपांचा. सायकलवर पारोळ्याची खेडी पालथी घालून, बोअरमधून काढलेल्या जळक्या मोटारी उचलत सुरुवात केली. आज जळगावात स्वतःचं गोडाऊन आहे. हे सगळं एकाच गुणावर उभं राहिलं: समोरच्याने सांगितलेला पहिला भाव मला ऐकू येत नाही. (बायको म्हणते, तिचंही काही ऐकू येत नाही. ते खोटं आहे. ऐकू येतं.)

आमची पूर्वा भरतनाट्यम शिकायला बडोद्याला गेली आणि येताना पदवीसोबत नीनाला घेऊन आली. नीना जॉर्जिया देशाची, लहानपणापासून बॅले करणारी. दोघींनी मिळून एक नाच बसवला होता. पूर्वा म्हणजे तापी नदी, आणि नीना म्हणजे दूर देशातून तापीकाठी उतरलेला पाहुणा पक्षी. तालीम आमच्या गच्चीवर. पूर्वाचे पाय स्लॅब फोडून खाली यायला निघालेले आणि नीनाचे पाय स्लॅबला शिवायलाच तयार नाहीत!

बायको जिन्यात उभी राहून बघायची. "अहो, एक आपटते अन् एक तरंगते. हे जुळायचं कसं?"

"जुळेल. आपलं नाही का जुळलं?"

"कधी?"

नीना बुटांच्या टोकावर उभी राहते हे बघून मी तो बूट हातात घेतला, टोकाला टिचकी मारली, आतून बोट फिरवलं. धंद्याची सवय! "माल टणक आहे. गॅरंटी किती?"

"पप्पा!" पूर्वा ओरडली.

नाशिकच्या एका नृत्यमहोत्सवाच्या बाई हा नाच बघायला जळगावला येणार होत्या. त्यांना आवडला तर दोघींना महोत्सवाचं बोलावणं. नाही आवडला तर नीना व्हिसा संपला की तिच्या देशात, पूर्वा आमच्या गच्चीवर, आणि सगळी मेहनत दोरीवरच्या कपड्यांसारखी वाळत. पोरीची झोप उडाली होती.

अडचण फक्त फरशीची होती. नाट्यगृहाच्या फळ्यांमध्ये फटी. नीनाच्या बुटाचं टोक फटीत गेलं तर पक्षी जागेवर आडवा! त्यावर अंथरायला नाचासाठीचा खास व्हिनाइलचा थर मिळतो, तो नाशिकहून भाड्याने आणायचा ठरलं. मी फोन लावला. त्याने भाडं सांगितलं.

"दादा," मी म्हणालो, "भाडं विचारलं. तुम्ही किंमत सांगितली."

"भाडंच आहे ते."

"मग नाचून झाल्यावर परत का द्यायचा? इतक्यात तर आम्हाला ठेवता आला पाहिजे!"

त्याने फोन ठेवला. मी पुन्हा लावला. त्याने उचलला नाही. धंद्याची रीतच राहिली नाही लोकांना!

पूर्वा हात जोडून म्हणाली, "पप्पा, आयुष्यात एका गोष्टीत घासाघीस करू नका. फक्त ही एक."

"तू नाच. फरशी माझ्यावर सोड."

आता व्हिनाइल म्हणजे काय? गुळगुळीत, लवचिक, गुंडाळून येणारं प्लास्टिक. आणि असं प्लास्टिक आपल्याकडे चौकाचौकात लटकलेलं असतं. फ्लेक्स! माझे थोरले साडू साहेबरावभाऊ धुळ्यात असतात. ते निवडणुकीआधी भावी नगरसेवक असतात आणि निवडणुकीनंतरही भावीच राहतात. पण वाढदिवसाचा फ्लेक्स दरवर्षी आधीपेक्षा मोठा. मी तडक धुळे गाठलं.

"भाऊ, मागच्या वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स पडलाय ना?"

"पडेल शे. तुमले कसाले पाहिजे?"

"पूर्वाच्या कार्यक्रमात स्टेजवर अंथरायला. उलटा."

"उलटा कसाले? सुलटा टाका ना! बठ्ठा जयगाव देखी!"

"जळगाव बघेल हो भाऊ, पण पोरी तुमच्या तोंडावर नाचणार."

हे मात्र त्यांना पटलं. पण फुकट देतील तर साडू कसले! पहिल्या रांगेत सोफा, शाल, नारळ आणि फेटा मागितला. मी यादीतून फेटा कापला. अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, चहा दिला आणि मी घराएवढा फ्लेक्स टेम्पोत टाकून विजयी वीरासारखा जळगावला परतलो.

स्टेजवर अंथरला तेव्हा माझंच मन भरून आलं. पांढरीशुभ्र पाठ, एक सुरकुती नाही. नीनाने पाय घासून बघितला, एक गिरकी घेतली. "अंकल, अच्छा है!"

पूर्वाने मात्र माझ्याकडे संशयाने बघितलं. "हा नाशिकहून आला?"

"बाहेरून मागवला," मी म्हणालो. (धुळे जळगावच्या बाहेरच आहे!)

डेकोरेशनवाला खिळे मारू म्हणत होता. खिळे पोरींच्या पायाला लागतील म्हणून मी नको म्हटलं, आणि कडेने गोडाऊनमधली पॅकिंगची चिकटपट्टी लावून टाकली. ज्या पट्टीने मी मोटारींची खोकी बंद करतो, ती दोन पोरी धरून ठेवणार नाही का?

नाही ठेवत.

सुरुवात झकास झाली. पहिल्या रांगेत सोफ्यावर शाल पांघरलेले साहेबरावभाऊ, पलीकडे नाशिकच्या बाई, आणि विंगेत राखाडी सफारीत मी. पूर्वा घुंगरू वाजवत तापीसारखी आली. नीना टोकावर तरंगत उतरली. मग तापीला पूर आला. पूर्वाचा एकेक पाय असा पडायला लागला की पुढची चिकटपट्टी चर्रर्र करून सुटली. नीनाच्या गिरकीबरोबर अख्खा फ्लेक्स मागे सरकला आणि तव्यावरची भाकरी उलथावी तशी त्याची पुढची कड उलटी होऊन स्टेजवर पडली.

कडेखालून एक गॉगल वर आला.

मग मिशी. (नुसती मिशीच हातभर!) मग जोडलेले हात येऊ लागले. तापीच्या काठावर माझा साडू उगवत होता! पूर्वाचा पुढचा पाय थेट गॉगलवर पडणार, तेवढ्यात माझं डोकं सटकलं. ज्या माणसाचा आत्ताच शाल देऊन सत्कार केला, त्याच्या तोंडावर त्याच्याच भाचीचा पाय? भर सभागृहात? मी विंगेतून धावलो आणि तोंड झाकायचं म्हणून त्यावर फतकल मारून बसलो.

सभागृहात कोणीतरी "वा!" म्हणालं.

मी लगेच उठायला गेलो. पण उठलो की फ्लेक्स पुन्हा सरकायला लागायचा, बसलो की थांबायचा. नीना माझ्या डोक्याजवळून जाताना ओठ न हलवता म्हणाली, "अंकल, हिलना मत!"

मी हललो नाही. पण पूर्वा समोर आली ना! घुंगरू दाणदाण आपटत, डोळे वटारून, एक बोट माझ्या नाकाकडे रोखून ती माझ्याभोवती फिरायला लागली. लोकांना वाटलं, काय हा अभिनय! अहो, कसला अभिनय? घरी ती रागावली की अशीच बघते! मी दबक्या आवाजात म्हणालो, "बेटा, पट्टी कच्ची निघाली." तिने त्यावर असा काही हात फिरवला की त्या मुद्रेचं शास्त्रात काय नाव असेल ते असो, मला अर्थ नीट कळला. त्यात नीनाने माझ्या खांद्याचा आधार घेऊन एक पाय मागे आभाळाकडे नेला आणि तशीच थांबली. समोर टाळ्यांचा कडकडाट! आणि टाळ्यांच्या मधून सोफ्यावरून आवाज: "ओ भाऊ! ऊठा ना! मना तोंडवर कसाले बठनात?"

पडदा पडेपर्यंत मी तिथेच होतो.

पडदा पडल्यावर पूर्वा विंगेत भिंतीला टेकून रडायलाच लागली. माझ्या धंद्यात मी पुष्कळ लोकांना रडताना पाहिलंय; मन विरघळत नाही. इथे मात्र मी रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तेवढ्यात नाशिकच्या बाई आत आल्या.

"दोन शैली भेटणार कुठे, हाच प्रश्न होता मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही मध्ये तो हट्टी खडक ठेवलात! नदी त्यावर आपटते, पक्षी त्यावर विसावतो. फारच छान! खडकाचं काम कोणी केलं?"

पूर्वाने डोळे पुसले. "वडील आहेत," ती हळूच म्हणाली.

"चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती हो त्यांची!"

(भीतीने, बाई!)

मागोमाग साहेबरावभाऊ शाल सावरत आले. "पोरीसना पाय लागता तर चाली जातं. नाच शे, कला शे. पन तुम्ही तं आख्खा बठी गयात!"

"भाऊ, झाकायला बसलो! तुमच्या इज्जतीसाठी!"

"मना इज्जतवरच बठनात ना!"

तेव्हापासून अबोला. दिवाळीचा फराळसुद्धा अक्कांकडून फक्त बायकोच्या नावाने येतो. सांगा, माझं काय चुकलं? आणि मी नसतो बसलो तर? असो!

महोत्सवाचं बोलावणं आलं. जेवताना पूर्वा म्हणाली, "पप्पा, त्यांना नाच खडकासकट हवाय."

मी भाकरी खाली ठेवली. गरजू गिऱ्हाईक समोर बसलं होतं! "मग माझ्या अटी ऐक. नाशिकला जायला एसी गाडी. राहायला चांगलं हॉटेल. पोस्टरवर नाव सगळ्यात वर."

पूर्वाने शांतपणे वरण वाढून घेतलं. "गोडाऊनमध्ये सिमेंटची गोणी पडलीय. राखाडी चादर गुंडाळली की झाला खडक."

"एसी नसली तरी चालेल," मी म्हणालो.

"एसटी आहे."

"बरं, एसटी. हॉटेल?"

"माझ्या मैत्रिणीकडे गादी टाकू."

"नाव तरी? शेवटी, बारीक अक्षरात?"

"खडकाचं कोणी नाव लिहितं का, पप्पा?"

बायको तोंडाला पदर लावून हसत होती. हयातभर मी लोकांचा माल भाव पाडून घेतला. माझ्या पोरीने मला जेवण संपायच्या आत फुकटात घेतलं. आणि सौदा तुटला तर काय घ्या, म्हणून वर मीच घाबरत विचारलं, "बेटा, पुढच्या कार्यक्रमालाही मीच ना?"

"बघू," ती हात धुवायला उठत म्हणाली. "गोणीला अजून विचारलं नाही."