काठीवरचा हात

कळंबच्या बाजारात मी काठ्या विकतो. दर बाजारी एक म्हातारा माझ्या शेजारी येऊन बसायचा. गिऱ्हाइकानं काठी धरली की हा तोंडाकडं न बघता हाताकडं बघायचा.

एकदा मी भडकलो. "बाबा, गिऱ्हाईक बिचकतंय. काय बघता वो एवढं?"

त्यानं खिशातून वर्तमानपत्राचं जुनं कात्रण काढलं. हिटलरच्या छावणीतून वाचलेल्यांनी आपल्या माणसांचे मारेकरी म्हातारपणी हुडकून काढले, अशी ती बातमी होती.

"रझाकारांना आमचं घर ज्यानं दावलं, त्याच्या हाताला सहा बोटं व्हती," तो म्हणाला. "मिसरूड फुटलेलं पोरगं. म्या दाराआडून बघितलं. म्हातारा माणूस एक दिवस काठी घ्यायला येतोच."

"तो कवाच मेला असंल."

"मी जगलोय, तर तोबी जगला असंल."

माझ्या भावानं मला घराबाहेर काढलं, त्याला बारा वर्षं झाली. भेटला तर झोडपायचा, असं मी रोज घोकतो. म्हणून मी एक जाड काठी पुढं केली. "ही फुकट घ्या. घावला की हाणा."

त्यानं ती जागेवर ठेवली. "हाणायचं न्हाय. माझ्या बाला नेऊन कुठं गाडलं, येवढं त्यानं सांगावं."

दिवाळीपासून तो आलेला नाही. आता मीच हात बघतो. परवा त्या नादात गिऱ्हाइकाला काठीचा भाव सांगायचाच राहिला. सहा बोटं दिसली तर मी विचारून घेईन, पण कळवू कुणाला? त्या म्हाताऱ्याचं नावगाव मी कधी विचारलंच नाही.