विनायकनंतरची तीन गावं

राहुरी मागे पडली तसा दोन्ही बाजूंचा ऊस एस.टी.च्या खिडकीला भिडला. भाद्रपद संपत आला होता. देवळाली प्रवराला उतरले तेव्हा सुनंदा स्वतः गाडी घेऊन आली होती. विनायक असताना तिने कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

सुनंदा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिचा नवरा विनायक चैत्रात झोपेतच गेला. मागे राहिला तीन गावांत पसरलेला धंदा: देवळालीत ऊसरोपांची नर्सरी, राजूरला दूध संकलन केंद्र आणि पारनेरला पेरणी यंत्रांचं वर्कशॉप. मी पुण्यात व्यवस्थापन शिकवते, म्हणून तिने मला बोलावलं होतं. "काय ठेवू आणि काय बंद करू, एवढं माझ्याबरोबर फिरून बघ," असं ती फोनवर म्हणाली होती.

दुपारी नर्सरीत गेलो. हिरव्या जाळीखाली ट्रेमध्ये रोपं दाटून उभी होती, पण त्यांची मुळं ट्रेच्या भोकांतून बाहेर आली होती. लावणीचं वय उलटून गेलं होतं. मी झारीने पाणी घालणाऱ्या बाईंना विचारलं, "एवढी रोपं राहिली कशी?"

"आधी कुनाला द्यायची ते साहेब सांगायचे," त्या म्हणाल्या. "तीन गावचे लोक मागत हुते. वहिनींना इचारायचा धीर झाला न्हाई."

सुनंदाने एक ट्रे उचलला, मुळं बोटांनी चाचपली आणि तो खाली ठेवला.

रात्री जेवताना ती म्हणाली, "विनायक रोज पहाटे अंगणात फेऱ्या मारत तिन्हीकडे फोन लावायचा. आज काय करायचं ते तोच सांगायचा. त्याचा जाच कुणाला वाटला नाही गं. उलट सगळे निर्धास्त होते. मीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी संगमनेर, अकोले करत आम्ही राजूरकडे निघालो. राजूरचं केंद्र बंद करायचं हे तिने मनाशी जवळजवळ नक्की केलं होतं. लांबचं ठिकाण, दूध थोडं, पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नाही. मलाही ते पटलं होतं. कागदावर तेच बरोबर दिसत होतं.

अकोले सोडल्यावर डोंगर जवळ आले. खाचरांत भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या आणि बांधांवर पिवळी फुलं होती. एका वळणावर गाडीचं चाक पंक्चर झालं. जॅक लावला तर तो चिखलात रुतत गेला. फोनला रेंज नव्हती. आम्ही दोघी रस्त्यात उभ्या असताना मोटारसायकलला दुधाचे कॅन बांधलेला एक माणूस थांबला. त्याने सपाट दगड शोधून जॅकखाली दिला आणि चाक बदललं.

"कुटं चाललात?"

"दूध केंद्रावर."

"यमुनाबाईंकडं? मग माझ्या मागून या. पन आज त्या तापल्यात. कोन शेटानी केंद्र बंद करायला येनार हाय म्हनं."

सुनंदाने ओढणीने हात पुसले. ती शेटाणी आपणच, हे तिने त्याला सांगितलं नाही.

यमुनाबाई केंद्राच्या ओट्यावर उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या, काटक, पदर कमरेला खोचलेला. चहा आला, बरोबर राजूरचे पेढे आले. पण त्या बसल्या नाहीत.

"बंद करायला आलात ना? तर सरळ सांगा."

"हो," सुनंदा म्हणाली. "म्हणूनच आले होते. आता आधी बघते."

केंद्र चालू होतं. दूध तपासलं जात होतं, मोठ्या टाकीत थंड होत होतं. विनायक गेल्यापासून एक दिवसही काम थांबलं नव्हतं. मी कारण विचारलं तर यमुनाबाईंनी डोंगराकडे हात केला.

"साहेब रोज लावायचे, पन फोन हितं कवा लागायचाच न्हाई. रस्ता खचला, वीज गेली, तर कुनाला इचारनार? एका पावसात सगळं दूध नासलं. साहेब लई बोलले. मंग आमीच ठरवलं, रस्ता बंद झाला की दूध गावातल्या पेढेवाल्यांना द्यायचं."

"साहेबांना माहीत होतं?"

"मागनं सांगितलं." मग त्या जरा थांबल्या. "समदंच बराबर केलं आसं न्हाई. पानी घालत्यात म्हनून एका वाडीचं दूध मी बंद केलं. ती मानसं खरी निघाली. मी जाऊन हात जोडले. दूध परत चालू झालं, पन माझ्याशी अजून कोनी बोलत न्हाई. माझं म्हायेर हाय ते."

परतताना अकोले मागे पडलं. मग सुनंदा म्हणाली, "राजूर राहू दे. पारनेरचं काय करायचं ते मला आता कळतंय. पण भीती वाटतेय."

तिसऱ्या दिवशी पारनेरला गेलो. हा वेगळाच मुलूख. माळरान, मोकळं आभाळ, पावसाच्या भरवशावरची ज्वारी. रानात वाफसा आला होता (म्हणजे जमिनीत पेरणीपुरती ओल होती), आणि वर्कशॉपच्या दारात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन उभे होते. आत पेरणी यंत्रांचे सांगाडे रंगवून ओळीने ठेवलेले होते, पण त्यांना माती उकरणारे फणच नव्हते. नेहमीच्या पुरवठादाराचे फण वाकायला लागले होते, आणि नवा पुरवठादार विनायकने पाहिलेला नव्हता. म्हणून काम थांबलं होतं.

फोरमन बबनराव विनायकपेक्षा वयाने मोठे. वर्कशॉपचा पहिला खांब रोवला तेव्हापासूनचे.

"वहिनी, तुमीच सांगा. कोनाचं फन घ्यायचं?"

"मला लोखंडातलं कळत नाही, बबनराव. तुम्हाला कळतं. तुम्ही ठरवा. चुकलं तर माझ्यावर."

बबनराव सांगाड्यांकडे वळले. मागून टर्नर सलीमभाई म्हणाले, "नव्याचे फन मी बघून आलोय. चांगले हायेत. सांगनार हुतो, पन कोनी इचारलं न्हाई."

"मग मागवा," सुनंदा म्हणाली.

दुपारी जेवणात शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे रश्शात शिजवलेले वळसे) आणि बाजरीची भाकरी होती. बबनराव ताटावर बसले, पण त्यांनी घास घेतला नाही. हात धुऊन त्यांनी किल्ल्यांचा जुडगा सुनंदापुढे ठेवला.

"मला मोकळं करा, वहिनी."

"मी तुम्हाला काही वावगं बोलले का?"

"न्हाई. साहेबांनी सांगावं अन् मी ते जीव लावून करावं, यातच जलम गेला. हुकूम द्या, रातभर उभा ऱ्हातो. पन ठरवायचं म्हनलं की काईच सुचत न्हाई. या वयात ते शिकता येत न्हाई."

"मी सांगत जाईन. तुम्ही थांबा."

"तुमी सांगू नका," ते म्हणाले. "आज केलं तेच बराबर हाय."

विनायकच्या फोटोपुढे ते क्षणभर उभे राहिले आणि उन्हात निघून गेले. सुनंदा फाटकापर्यंत धावली आणि तिथेच थांबली.

"त्यांना मी घालवलं का गं?" तिने मला विचारलं.

कुठलीही संस्था एका माणसावाचून चालली पाहिजे, असं मी वर्गात अनेकदा शिकवलं आहे. ते वाक्य मी तिथे बाजूला ठेवलं. मी तिचा हात धरून उभी राहिले.

संध्याकाळी फण घेऊन टेम्पो आला आणि मी पुण्याची गाडी धरली. पुढचं सगळं सुनंदाने फोनवर कळवलं. यंत्रं गेली, काहींची पेर साधली, काहींच्या रानातली ओल तोवर उडून गेली होती. नर्सरीतल्या बायका आता रोपांचं वाटप स्वतः ठरवतात, आणि त्यावरून भांडतातही.

खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या यंत्रांची पूजा होती. बबनराव आले आणि दाराशीच उभे राहिले. सुनंदाने हळदीकुंकवाचं ताट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एकेका यंत्राला कुंकू लावलं, फूल वाहिलं. मग त्यांनी प्रसाद घेतला, सगळ्यांना नमस्कार केला आणि ते घरी गेले.