देवाच्या चिलखताची वादी

खोगिरं शिवणाऱ्या ल्हुंडुप आजोबांना आम्ही मुस्तांगची माणसं मेमे म्हणतो. त्यांचे हात कधी रिकामे नसत. त्या दिवशी मात्र ते गोंपाच्या, म्हणजे आमच्या बौद्ध मठाच्या, पायरीवर नुसते बसून होते.

अंगणात मूर्तीच्या अंगावरचं, लोखंडी पट्ट्या वादीने ओवलेलं देवाचं चिलखत काढून ठेवलं होतं आणि पुरातत्त्व खात्याकडून काठमांडूहून आलेल्या शिलाकारबाई ते भिंगातून पाहत होत्या. शंभर वर्षांहून जुनं ठरलं, तर सरकारी नोंद होऊन विक्रीला बंदी. नाही ठरलं, तर मुखिया कर्चुंग ते पोखऱ्याच्या व्यापाऱ्याला विकून झऱ्याचं पाणी पाइपाने गावात आणणार होता. मेमेंना ते गावातच राहायला हवं होतं. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ते ओवलं होतं.

“लोखंडावरून फक्त अंदाज बांधता येतो,” बाई म्हणाल्या. “पट्ट्या ओवलेलं कातडं तपासलं की वय नेमकं कळतं. पण ही वादी ताजी दिसतेय.”

“तीन वर्षांपूर्वी मीच ओवली.”

“मग जुनी कुठंय?”

“धूपाबरोबर जाळली. तुटक्या वादीत देवाला उभं करू? माझ्या बापानेही जाळलीच होती.”

मुखिया हसला. “घ्या! मेमे, तुम्ही तर देवाचा जन्मदाखलाच जाळलात!”

बाईंनी कागदावर लिहिलं : वय अनिश्चित. म्हणजे विक्रीला बंदी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेमेंनी तेल लावायला म्हणून चिलखत बाहेर घेतलं आणि वादी कापायला लागले. मुखिया धावत आला.

“डोकं फिरलं का? सुट्या पट्ट्या कोण घेईल?”

“कोणी नाही.”

“आणि पाणी? तुमचीच सून रोज तो चढ चढते ना?”

सून घागर घेऊन तिथेच उभी होती. मेमेंनी तिच्याकडे पाहिलं. चाकू पुन्हा चालू लागला.

व्यापारी आला, त्याने सुट्या पट्ट्यांचं एक पोतं पालथं करून पाहिलं आणि खेचरावर बसून निघून गेला.

आता मेमेंकडे कोणी खोगीर शिवायला देत नाही. सातशेच्या वर पट्ट्या, प्रत्येकीत सुताएवढा फरक, आणि कोणती कुठे बसते हे एकट्या मेमेंना ठाऊक. परवा गेलो तेव्हा ते एक ओळ लावत होते, मोडत होते.

“क्रम आठवतो ना, मेमे?”

त्यांनी हातातली पट्टी बोटांत फिरवून पाहिली.

“विचारू नकोस रे. विचारलंस की आणखी विसरतो.”